१६ पानांचं पुस्तक: बुक पोस्ट बंद, कागद महाग, तरी स्वतःचं चॅपबुक काढायला हीच वेळ बरी का आहे

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी तुमच्याही स्टेटसवर काहीतरी लागलं असेल. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १८ डिसेंबरला, टपाल खात्याची रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाली. कमी पैशात पुस्तक देशात कुठेही पाठवायची ही जुनी सोय. त्याचं स्टेटस मी तरी कुणाच्या फोनवर पाहिलं नाही.

या दोन बातम्या एकत्र वाचायला हव्यात असं मला वाटतं. कारण भाषा टिकते ती दर्जाच्या कागदावर कमी आणि लोकांच्या हातात फिरणाऱ्या कागदावर जास्त. आणि तो फिरणारा कागद छापायचा खर्च, त्याचे नियम आणि तो पाठवायची पद्धत, हे तिन्ही गेल्या दोन वर्षांत बदललंय.

मी दिवसा एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. रात्री मित्रांच्या कविता-कथांची पानं लावून देतो. आतापर्यंत अशी चार छोटी पुस्तकं झाली, त्यातलं एक माझं. त्यामुळे खाली जे सांगतोय ते अर्धं वाचून आणि अर्धं झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून कळलेलं आहे.

चॅपबुक म्हणजे नक्की काय?

इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात चॅपमन नावाचे फेरीवाले गावोगाव फिरायचे. सुया, रिबिनी आणि सोबत घडी घातलेल्या कागदाची स्वस्त पुस्तकं. त्यावरून हे नाव. आज चॅपबुक म्हटलं की साधारण १६ ते ४० पानांची, मधोमध पिन मारलेली, एकाच लेखकाची पुस्तिका.

पण आपल्याला हा प्रकार इंग्लंडवरून शिकायची गरज नाही. आळंदी-पंढरपूरला मिळणारा पिन मारलेला हरिपाठ आठवा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा नागपुरात दीक्षाभूमीवर जा. तिथल्या स्टॉलवर भाषणं, भीमगीतं, चरित्रं अशा पातळ पुस्तिकांचे ढीग असतात, आणि माणसं त्या पिशव्या भरभरून नेतात. माझ्या मते महाराष्ट्रातलं चॅपबुकचं सर्वांत जिवंत मार्केट तेच आहे, फक्त त्याला कुणी चॅपबुक म्हणत नाही. साहित्यातलंच उदाहरण हवं असेल तर १९५० च्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी काढलेलं 'शब्द' आहे. सायक्लोस्टाइल केलेलं, म्हणजे त्या काळची झेरॉक्स. पुढे साठच्या दशकात लघुअनियतकालिकांची जी लाट आली, ती याच पद्धतीने. प्रस्थापित मासिकं छापत नाहीत ना, मग आपणच छापू.

आज छापायला कुणी अडवत नाही. इन्स्टावर टाकलं की झालं. अडचण वेगळीच आहे. तिथे तुमची कविता कुणाला दिसणार ते तुम्ही ठरवत नाही, आणि ती किती वर्षं राहणार तेही नाही. ऑर्कुट २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस २०१९ ला. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरापोरींचं काम भारतातल्या प्रेक्षकांपुरतं एका रात्रीत दिसेनासं झालं. दुसरीकडे मशिनने लिहिलेल्या पुस्तकांचा इतका पूर आलाय की ॲमेझॉनला सप्टेंबर २०२३ मध्ये किंडलच्या स्वयंप्रकाशनावर एका खात्याला दिवसाला तीन पुस्तकांची मर्यादा घालावी लागली. दिवसाला तीन! अशा वेळी कुणीतरी हातात दिलेली १६ पानं वेगळी वाटतात. त्यामागे एक माणूस आहे हे लगेच कळतं.

नियम काय बदलले

कायदा सोपा झालाय. १८६७ चा छापखान्यांचा आणि पुस्तकांच्या नोंदणीचा इंग्रजांच्या काळातला कायदा गेला, आणि १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा लागू झाला. नव्या कायद्यातून पुस्तकं वगळली आहेत. नियतकालिक म्हणजे ठरावीक काळाने निघणारं प्रकाशन. म्हणून एक व्यावहारिक सल्ला: हौसेने कव्हरवर 'मासिक, अंक १' असं छापू नका. तुम्ही पुस्तिका काढताय, पुस्तिकाच म्हणा. साठच्या दशकातल्या मंडळींनी स्वतःला 'अनियतकालिक' म्हणवून घेतलं, तो शब्द आज परत कामाचा वाटतो.

आयएसबीएन लागतो का? ओळखीच्यांत, कार्यक्रमात, कॉलेजात विकायचं असेल तर काहीच अडत नाही. दुकानं आणि ग्रंथालयांसाठी हवा असेल तर भारतात तो फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाअंतर्गत राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी आहे, तिच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा. 'सेल्फ पब्लिशिंग पॅकेज'मध्ये आयएसबीएनचे वेगळे पैसे लावलेले दिसले तर तिथेच सावध व्हा.

कॉपीराइटचंही तसंच. लिहिलं त्या क्षणी तो तुमचा. नोंदणी केली नाही तरी तुमचाच, हयातभर आणि नंतर ६० वर्षं.

आता कागद. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. शाळेच्या वह्या आणि त्यांचा कागद शून्यावर आला, पण छपाईचा बहुतेक इतर कागद १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. छापील पुस्तकावर जीएसटी आधीही शून्य होता, आताही शून्य आहे. ऐकायला छान. पण विकलेल्या वस्तूवर कर नसला की कागदावर भरलेला कर वजा करून घेता येत नाही, तो प्रकाशकाच्या खिशातूनच जातो. ११२ रुपयांचा कागद ११८ झाला, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. हजार प्रतींची ३०० पानी कादंबरी काढणाऱ्याला हे टोचतं. तुमच्या चार कागदांच्या पुस्तिकेला ते काही पैशांत पडतं. मोठ्या पुस्तकाला जाचणारा बदल छोट्या पुस्तकाला जवळजवळ लागतच नाही, आणि 'हीच वेळ' म्हणतोय त्याचं एक कारण हे आहे.

देवनागरीचं खरं दुखणं

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक पुस्तिका इथेच फसतात.

तुम्ही फोनवर टाइप करता ते युनिकोड. अजूनही बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे काम चालतं ते पेजमेकर आणि जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातलेले असतात. तुमचा मजकूर तिथे पेस्ट केला की चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. मग कन्व्हर्टर वापरतात. कन्व्हर्टर ९५ टक्के ठीक चालतो असं समजा, तरी उरलेल्या पाच टक्क्यांत नेमकी मराठीची खास अक्षरं असतात. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं तेच २००८ मध्ये. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला की डोंगराचा समुद्र होतो, आणि कवितेत तो कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण दोन्ही बरोबरच वाटतं.

उपाय: मजकूर नाही, तयार पीडीएफ द्या. वर्डची फाइल देऊ नका, दुसऱ्याच्या मशिनवर फॉन्ट नसला की पानं हलतात. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसलेला असतो. आणि ती छापायच्या आधी तुमच्या फोनसोडून दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा. मी प्रत्येक वेळी एका पानावर एवढेच शब्द टाकून तपासतो: कुऱ्हाड, दऱ्या, ॲप, शुद्ध, राष्ट्र, श्रावण, क्लेश. हे नीट आले की बाकीचं येतं.

फॉन्ट फुकट आणि चांगले आहेत. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' आहे. 'तिरो देवनागरी'ची तर मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे. मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळे लिहिले जातात, बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येतं आणि मजकुराची भाषा 'मराठी' निवडली तरच आपलं वळण दिसतं. हे दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, छापून पुस्तक विकलं तरी चालतं. कुठून तरी उतरवलेल्या कॅलिग्राफी फॉन्टबद्दल तसं म्हणता येत नाही.

'प्रूफ तपास' म्हटल्यावर काय होतं

माझा रूममेट माण तालुक्यातला. त्याच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्याने व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये जमवल्या होत्या. ८१ वर्षांची आजी, २२ ओव्या. त्यांची पुस्तिका करायची असं ठरलं. (जात्यावरच्या ओव्यांचं मोठं काम आधीच झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी उभ्या केलेल्या एक लाखाहून जास्त ओव्यांच्या संग्रहातल्या ओव्या आता 'पारी'च्या वेबसाइटवर वाचायला आणि काही ऐकायलाही मिळतात. नसेल पाहिला तर जरूर बघा.)

त्याने आवाजावरून मजकूर करणारं टूल लावलं. ओव्या आल्या, पण आजीच्या नव्हे. 'व्हतं'चं 'होतं' झालं, 'म्या'चं 'मी', 'हाय'चं 'आहे'. मग एका चॅटबॉटला शुद्धलेखन तपासायला दिलं, तर त्याने उरलेसुरले बोलीतले शब्दही सरळ करून टाकले, वर 'मजकूर आता अधिक प्रवाही आहे' असा शेरा. ओवीची मात्रा मोडली, चाल बसेना. मुद्दाम मोठ्याने म्हणून बघितलं, जात्यावर बसणारी बाई असं म्हणूच शकत नाही.

याच्यामागे काही कट नाही. ही मॉडेल शिकतात ती वर्तमानपत्रं, विकिपीडिया, वेबसाइट असल्या मजकुरावर. तिथे माणदेशी बोली कमी, प्रमाण मराठी जास्त. त्यामुळे त्यांच्या लेखी आजी 'चुकतेय'. मी स्वतः याच क्षेत्रात आहे, टूल वापरू नका असं सांगणार नाही. पण काम कुठलं द्यायचं ते ठरवा. दुहेरी स्पेस, तुटलेली जोडाक्षरं, उलटसुलट अवतरणचिन्हं शोधायला खुशाल लावा. शब्द बदलायचा अधिकार देऊ नका. फोनच्या कीबोर्डचा ऑटोकरेक्टही पुस्तिका टाइप करताना बंदच ठेवा. तुमची बोली अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी काहीही असो, छापून आलं की ते तसंच कायम राहतं, दुरुस्त केलेलंसुद्धा.

शेवटी ऐकून ऐकून हाताने टाइप केलं. आठ दिवस गेले. मग आजीला वाचून दाखवलं. दोन ओव्यांत तिने सासरच्या माणसांची नावं काढायला लावली. एक अख्खी ओवी तिला आता 'बरोबर वाटत नव्हती', तिथे तिने दुसरी सांगितली. पहिल्या पानावर नाव आजीचं, संकलक म्हणून नातवाचं, खाली बारीक. याच्यावर त्याच्या घरात थोडी चर्चा झाली म्हणे, पण मला तरी दुसरा कुठला क्रम पटला नसता.

पानं लावणं

गणित सोपं आहे. ए-४ कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत. छापखान्यात साधारणपणे १६ पानांना एक फॉर्म म्हणतात, आणि पहिल्या पुस्तिकेला एक फॉर्म पुरतो. चार कागद आणि वर जाड कव्हर.

एका कागदावर शेजारी शेजारी येणारी पानं सलग नसतात. १६ पानांत पहिल्या पानाशेजारी सोळावं येतं, दुसऱ्याशेजारी पंधरावं, मधोमध आठ आणि नऊ. प्रत्येक जोडीची बेरीज १७. हे हाताने जुळवत बसू नका. तुमची पीडीएफ सरळ क्रमाने, ए-५ पानांची असू द्या. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ॲक्रोबॅट रीडर असतो, त्यात प्रिंट करताना 'बुकलेट' निवडायचं. दोन्ही बाजूंनी छापताना कागद 'शॉर्ट एज'वर उलटला पाहिजे, नाहीतर मागची पानं उलटी येतात. आधी एकच प्रत काढा, दुमडा, चाळा.

त्याच्याही आधी कोऱ्या कागदांची डमी करा आणि पेन्सिलने लिहा कुठल्या पानावर काय. ओव्यांच्या पुस्तिकेत एक पान शीर्षकाचं, एक प्रकाशनाच्या तपशिलाचं, एक मनोगताचं, ११ पानं ओव्यांची, एक शब्दार्थांचं आणि शेवटचं क्यूआर कोडचं. माझ्या स्वतःच्या वेळी नोट्स ॲपमध्ये १४० कविता होत्या, पुस्तिकेत ११ गेल्या. डमी समोर असली की ही निवड आपोआप कडक होते. स्क्रीनवर प्रत्येक कविता एकटी असते. कागदावर डावीकडची उजवीकडचीशी बोलते, कधी भांडते. दोन पावसाच्या कविता समोरासमोर आल्या की एक काढावीच लागते.

आतला कागद ७० किंवा ८० जीएसएम, कव्हर २०० च्या आसपास. साधा स्टेपलर मधोमध पोचत नाही. लांब दांड्याचा स्टेपलर बाइंडिंगवाल्याकडे असतो, किंवा दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा. शिवलेली जास्त देखणी दिसते, ५०-६० प्रतींना एक रविवार जातो.

पाठवायचं कसं

बुक पोस्ट गेली, पण १ मे २०२५ पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केली. सुरुवातीचे दर: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ट्रॅकिंग मिळतं, पण पाकीट रस्ता-रेल्वेने जातं, घाई चालत नाही. अटी वाचण्यासारख्या आहेत. शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक अशा पुस्तकांसाठी ही सेवा आहे, नियतकालिक चालत नाही, जाहिराती चालत नाहीत, आणि पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं. म्हणजे दुसऱ्या पानावर 'प्रकाशक:' पुढे स्वतःचं नाव आणि गाव घालाच. कवितेची पुस्तिका यात कशी बसते हे काउंटरवर दोन वाक्यांत सांगायची तयारीही ठेवा.

आता वजन. ८० जीएसएमचा ए-४ कागद ५ ग्रॅमचा. चार कागद २० ग्रॅम, कव्हर साडेबारा. एक प्रत साधारण ३३ ग्रॅम. एकाला पाठवली तरी २० रुपये आणि सात प्रती एका पाकिटात घातल्या तरी २० रुपयेच. झेरॉक्सची एक बाजू दीड रुपया धरली तर आठ बाजूंचे १२, कव्हरचे दहा-बारा, म्हणजे प्रत पडते २५ च्या आत. एकेक पाठवली तर टपाल जवळपास पुस्तकाइतकंच. सात एकत्र पाठवल्या तर प्रतीमागे तीन रुपयांच्या आत.

म्हणून मला वाटतं आजच्या पुस्तिकेची रचनाच गठ्ठ्याने करावी. ५० अनोळखी लोकांना एकेक विकण्यापेक्षा सात-आठ गावांत एकेक माणूस शोधा. कॉलेजची लायब्ररी, वाचनकट्टा, पुस्तकांचं छोटं दुकान, नाहीतर वाचणारा मित्र. प्रत्येकाला सात प्रती. चॅपमन हेच करत होता, फक्त तो चालत जायचा.

क्यूआर कोडबद्दल एक तांत्रिक गोष्ट. फुकट कोड बनवून देणाऱ्या बऱ्याच साइट 'डायनॅमिक' कोड देतात. त्यात तुमची लिंक नसते, त्यांच्या सर्व्हरची असते. ट्रायल संपली की कोड मरतो, आणि छापलेल्या प्रती काही परत बोलावता येत नाहीत. 'स्टॅटिक' कोड घ्या, त्यात लिंक थेट असते. ओव्यांच्या पुस्तिकेतला कोड इंटरनेट आर्काइव्हवरच्या आजीच्या आवाजावर जातो. आकार निदान दोन सेंटिमीटर ठेवा. पैशांसाठी यूपीआयचा कोड छापणार असाल तर यूपीआय आयडीत मोबाइल नंबर नाही ना ते बघा. नाव घेऊन नवा आयडी ॲपमध्ये दोन मिनिटांत तयार होतो, विशेषतः मुलींनी हे आधी करावं.

शेवटचं काम बहुतेक जण करत नाहीत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. त्या कायद्याच्या व्याख्येत पुस्तिकाही येते, भाषा कुठलीही असो. न पाठवल्यास दंड ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. दंडाचं सोडा. झेरॉक्सच्या दुकानात छापलेल्या २२ ओव्या ठेवून घेणारं एक सरकारी कपाट कोलकात्यात आहे आणि तिथपर्यंतचं टपाल २० रुपये आणि वर कर एवढंच आहे. रूममेटने पुस्तिकेच्या सात प्रती माणला पाठवल्या, चार या ग्रंथालयांसाठी बाजूला ठेवल्यात.